नको असलेलं पाकीट

विषय जरा अवघड आहे, तेव्हा नातेवाइकांपैकी कोणी सकाळचा चहा घेत वाचायला बसलं असेल तर आधीच सांगून ठेवते. मोबाइलवर किंवा ईमेलवर कोणी न मागता नागडं, घाणेरडं चित्र पाठवलं तर कायद्याने काय करता येतं, आणि हा कायदा इथवर कसा येऊन पोचला, त्याबद्दल आज लिहायचं आहे. "या वयात हे काय नवीन?" असं आमच्या घरी विचारून झालेलं आहे. मी जन्मभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्राचा पेपर वीस मार्कांचा, म्हणून मुलं तो ऑप्शनला टाकत. त्या वीस मार्कांतलंच हे आहे असं समजा.

सुरुवात १८६० पासून करावी लागते. मेकॉलेसाहेबांच्या आयोगाने १८३७ साली मसुदा केला, तो तेवीस वर्षं फायलीत पडला आणि १८६० साली इंडियन पीनल कोड मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. त्यात दोन कलमं आपल्या कामाची. एक २९२, अश्लील पुस्तकं-चित्रं विकणाऱ्यासाठी. दुसरं ५०९, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणं, आवाज किंवा हावभाव करणं, किंवा तिला दिसावी म्हणून एखादी वस्तू दाखवणं. दोन्ही कलमं एकाच पुस्तकातली, पण स्वभावाने अगदी वेगळी. मला वाटतं पुढची सगळी कथा या दोन स्वभावांचीच आहे.

२९२ कलमाला काळजी कसली? तर समाजाच्या नीतीची. इंग्लंडात १८६८ साली हिक्लिनच्या खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी कसोटी घालून दिली, की ज्यांचं मन अशा गोष्टींनी बिघडू शकतं त्यांच्या हाती हे पडलं तर ते भ्रष्ट होतील का? ही कसोटी आपल्याकडे आली आणि चांगली शंभर-सव्वाशे वर्षं नांदली. तिच्यात चित्र हे विष, वाचणारा हा बिघडू शकणारा दुबळा जीव, आणि सरकार वैद्य. त्या वाचणाऱ्याला ते हवं होतं की नको होतं, हा प्रश्न कुठेच नाही.

उलट ज्यांना हवं होतं त्यांच्यावरच हा कायदा जास्त चालला. र. धों. कर्व्यांचं उदाहरण आपल्याला माहीत असायला हवं. 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी १९२७ साली काढलं. वाचक पत्र लिहून आपल्या शंका विचारत आणि कर्वे सरळ उत्तर देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर कोण उभे राहिले? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरले, दंड झाला. विचारणाऱ्याने आपण होऊन विचारलं, सांगणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, तरी गुन्हा. पुढे १९६४ साली मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल दोषी धरलं गेलं आणि सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवर तर खालच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत कज्जा चालला. १९६९ मध्ये लेखक सुटले. एका दिवाळी अंकातल्या कथेला सात वर्षं! दिवाळी अंकही मागून, पैसे देऊनच घेतात हो.

आता ५०९ कडे या. इथे समाज वगैरे काही नाही. इथे एक बाई आहे आणि तिला मुद्दाम काहीतरी दाखवणारा एक माणूस आहे. पण हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचा, खिडकीसमोरचा माणूस होता. समोर उभा न राहता कोणी दुरून पाठवलं तर काय?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या मुंबई हायकोर्टाने दिलेलं आहे, आणि तेही शंभर वर्षांपूर्वी. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले. एका पदवीधर माणसाने ओळखदेख नसलेल्या एका इंग्रज नर्सला पत्र लिहिलं. त्यात नको त्या मागण्या. पत्र बंद पाकिटात घालून रीतसर तिकीट लावून पोस्टात टाकलं. बचाव असा, की बंद पाकीट पोस्टाने पाठवणं म्हणजे 'वस्तू दाखवणं' कसं होईल? मी तिच्यासमोर गेलोच नाही. हायकोर्टाने हे मानलं नाही. दाखवायला स्वतः हजर राहावं लागत नाही, दुसऱ्याच्या हातूनही दाखवता येतं, आणि इथे तो दुसरा म्हणजे पोस्टखातं. पाकीट तिने फोडावं आणि वाचावं याच हेतूने ते पाठवलं होतं, तेव्हा कलम ५०९ लागू. हा निकाल १९२६ च्या लॉ रिपोर्टांत छापलेला आहे.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पाकीट हेच. पोस्टाच्या जागी टेलिफोन कंपनी घाला, ईमेल घाला, व्हॉट्सॲप घाला, न्यायाचं तत्त्व तेच राहतं. (पोस्टाचा स्वतःचा कायदाही होता म्हणा. १८९८ च्या पोस्ट ऑफिस ॲक्टच्या कलम २० ने अश्लील चित्र, फोटो टपालाने पाठवायला बंदी होती. तो कायदा २०२४ मध्ये गेला, नवा आला. पण त्याची चिंता मुख्यतः टपालाच्या थैलीची होती, पाकीट फोडणाऱ्या बाईची नव्हती.)

शिक्षा मात्र फार नव्हती. ५०९ ला जास्तीत जास्त एक वर्ष साधी कैद. आणि शब्द? 'विनयभंग'. मराठीत आपण सर्रास हाच शब्द वापरतो. पण विचार करा, घाणेरडं कृत्य करणाराच विनय सोडतो, आणि 'भंग' मात्र झाला म्हणायचं ते बाईच्या विनयाचा. एकदा शब्द असा बसला की मग घरातले "झाकून ठेव" म्हणणारच. असो.

नंतरची पायरी २००० सालची. इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी ॲक्ट, म्हणजे आपला आयटी कायदा, १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला. त्याचं कलम ६७ संगणकावरून अश्लील मजकूर प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं याबद्दल. शिक्षा दणदणीत, पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. पण भाषा पाहिली तर जुन्या २९२ चीच, म्हणजे वाचणाऱ्याला 'भ्रष्ट' करील असं काही. हिक्लिनसाहेब कॉम्प्युटरवर येऊन बसले! शिवाय तपास करायचा तर डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने. तालुक्याच्या गावी बाई तक्रार घेऊन गेली तर डीवायएसपी कुठून आणायचा?

तरी या कलमाने काम दिलं. चेन्नईतल्या एका घटस्फोटित बाईच्या नावाने याहूच्या ग्रुपवर घाणेरडे संदेश टाकले गेले. फेब्रुवारी २००४ मध्ये तिने तक्रार केली आणि ५ नोव्हेंबर २००४ ला एग्मोरच्या न्यायालयाने आरोपीला शिक्षासुद्धा सुनावली. कलम ६७ बरोबर आपलं ५०९ सुद्धा लावलं होतं. नऊ महिन्यांत निकाल! आपल्याकडे मुंबईत २००९ साली लग्नाला नकार दिलेल्या बाईला ईमेलवर अश्लील मजकूर पाठवल्याची केस झाली, तिचा निकाल लागला २०१५ मध्ये. महाराष्ट्रातल्या सायबर गुन्ह्यांत ही पहिली शिक्षा, असं तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं. शिक्षा काही महिन्यांची, वाट पाहणं सहा वर्षांचं.

२००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आली. ६७ ची शिक्षा तीन वर्षांवर आली पण दंड पाच लाखांपर्यंत गेला. ६७-अ हे नवं कलम उघडउघड लैंगिक कृत्याच्या चित्रणासाठी, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. तपास पोलीस निरीक्षकाकडे आला, ही फार सोयीची गोष्ट झाली. आणि त्याच दुरुस्तीत आलं ते बदनाम ६६-अ.

या ६६-अ बद्दल गैरसमज फार आहेत म्हणून थोडं थांबते. 'त्रासदायक', 'अपमानकारक' संदेश पाठवणाऱ्याला तीन वर्षं, असं ते ढोबळ कलम होतं. नको त्या चित्राची तक्रार त्यात बसायची, पण राजकीय टीकाही बसायची. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि ते लाइक करणाऱ्या पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात असेल. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने हे कलमच रद्द केलं. तेव्हा "आता बायकांना संरक्षण उरलं नाही" असं बरेच जण म्हणाले. खरं नाही ते. ६७, ६७-अ, ५०९ जागच्या जागी होते. आणि तोवर एक त्यांच्याहून नेमकं कलम आलेलं होतं.

ते कुठून आलं, त्याची वाट राजस्थानातून जाते. भंवरीदेवी या साथिन म्हणून काम करणाऱ्या बाईवर १९९२ साली अत्याचार झाला. त्यानंतर 'विशाखा' आणि इतर संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ ला कोर्टाने कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाची व्याख्या करून दिली. त्या व्याख्येत स्पर्श, मागणी, शेरे यांच्याबरोबर एक छोटीशी नोंद होती, पोर्नोग्राफी दाखवणं. म्हणजे चित्र समाजाला बिघडवतं म्हणून नाही, तर एका बाईला ते दाखवून तिचा छळ केला म्हणून गुन्हेगार ठरलं. २९२ मधून ते बाहेर पडलं आणि ५०९ च्या घरात आलं. पण तेव्हा फक्त ऑफिसपुरतं.

ऑफिसचा उंबरठा ओलांडला २०१३ मध्ये. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांची समिती नेमली. वर्माच का लक्षात राहावेत, तर विशाखाचा निकालही त्यांच्याच खंडपीठाचा. समितीने २३ जानेवारी २०१३ ला, महिन्याच्या आत, अहवाल दिला. त्यानंतरच्या दुरुस्तीने कलम ३५४-अ आलं, आणि त्यात स्पष्ट लिहिलं, 'स्त्रीच्या इच्छेविरुद्ध' पोर्नोग्राफी दाखवणं हा लैंगिक छळ. तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, किंवा दंड, किंवा दोन्ही. त्याच वेळी ५०९ ची शिक्षाही एका वर्षावरून तीन वर्षांवर नेली.

इच्छेविरुद्ध! दीडशे वर्षांनी हा शब्द इथे आला. चित्र किती अश्लील, कलात्मक की बीभत्स, कोणाचं मन बिघडेल, हे सगळं बाजूला राहिलं. तिला हवं होतं का, एवढंच विचारायचं.

१ जुलै २०२४ पासून पीनल कोड गेला, भारतीय न्याय संहिता आली आणि वकिलांना पाढे नव्याने पाठ करावे लागले. ३५४-अ आता ७५ झालं, ५०९ झालं ७९, आणि पाठलाग करण्याचं (ऑनलाइन पाठलागसुद्धा) ३५४-ड झालं ७८. आयटी कायद्याचे ६७ आणि ६७-अ आहेत तिथेच आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टापुढे ईमेलचा प्रश्न आला. ५०९ मध्ये 'उच्चारलेले' शब्द म्हटलंय, लिहिलेले नाही, असा बचाव होता. ईमेलमधला लेखी मजकूरही कलमात येतो असं कोर्टाने सांगितलं. नर्सच्या पाकिटाची आठवण झाली.

उणिवाही सांगायला हव्यात. कलम ७५ मध्ये करणारा पुरुष आणि सोसणारी स्त्रीच धरलेली आहे. एखाद्या मुलाला कोणी असं चित्र पाठवलं तर त्याला आयटी कायद्याकडे जावं लागतं, तिथे स्त्री-पुरुष भेद नाही. तो अठराच्या आतला असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्याच्या कलम ११ आणि १२ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा, मुलगा असो वा मुलगी. शिक्षक मंडळींनी एक लक्षात ठेवावं, की पोक्सोखालचा गुन्हा कळूनही गप्प बसणं हाच वेगळा गुन्हा आहे. शाळेची अब्रू वगैरे सबब तिथे चालत नाही. दुसरी उणीव अशी, की 'पोर्नोग्राफी' म्हणजे काय हे संहितेत कुठेच सांगितलेलं नाही. माणसाने स्वतःच्याच देहाचा काढलेला एक फोटो त्यात बसतो की नाही यावर वकील वाद घालू शकतात, म्हणून जोडीला ७९ आणि ६७ लावून घेणं शहाणपणाचं.

इतर देशांत या प्रकाराला 'सायबरफ्लॅशिंग' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये २००९ च्या कायद्यात, सिंगापूरमध्ये २०२० पासून गुन्हा. अमेरिकेत टेक्सासने २०१९ मध्ये पाचशे डॉलरपर्यंतचा दंड ठेवला. कॅलिफोर्नियाची वाट मला आवडली, तिथे २०२३ पासून बाईला किंवा पुरुषाला थेट दिवाणी दावा लावून पाठवणाऱ्याकडून भरपाई मागता येते, पंधराशेपासून तीस हजार डॉलरपर्यंत. इंग्लंडला मात्र उशीर झाला. २०१५ मध्ये लंडनच्या लोकलमध्ये एका बाईच्या फोनवर एअरड्रॉपने अनोळखी माणसाचे फोटो आले, रेल्वे पोलिसांनी नोंद घेतली, पण स्वतंत्र गुन्हा व्हायला ३१ जानेवारी २०२४ उजाडला. मार्च २०२४ मध्ये एसेक्समधल्या एकाला या कलमाखाली पहिली कैद झाली, एकूण ६६ आठवडे (जुन्या शिक्षेच्या अटी मोडल्याचा भागही त्यात होता). गंमत म्हणजे त्यांच्या कलमाचा नंबरही ६६-अ! पण त्यांच्याकडे पाठवणाऱ्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, त्रास देण्याचा किंवा स्वतःच्या सुखाचा. "सहज चेष्टेत पाठवलं" म्हणायला फट राहते. आपल्या ७५ मधलं 'इच्छेविरुद्ध' यापेक्षा सरळ आहे. कधी कधी आपलंही बरं असतं!

आता हे सगळं मी का वाचत बसले ते सांगते. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता दोन मुलांची आई, तिला अनोळखी नंबरवरून रात्री तीन फोटो आले. भाऊ म्हणाला, डिलीट कर आणि ब्लॉक कर. आई म्हणाली, सासरी बोलू नकोस. पोलीस ठाण्यात गेली तर तिथले हवालदार म्हणाले, "ताई, नंबर बदलून टाका ना." सगळ्यांचं म्हणणं एकच, तिनेच काहीतरी बदलायचं. मग तिने मला फोन केला. "बाई, तुम्ही नागरिकशास्त्र शिकवायच्या ना?"

शिकवायचे, पण यातलं काहीही त्या पुस्तकात नव्हतं. म्हणून वाचलं आणि तिला सांगितलं ते इथेही लिहिते. चित्र आणि नंबर पुसायचा नाही, तोच पुरावा. ते "बघा काय आलंय" म्हणून कौटुंबिक ग्रुपवर तर मुळीच पुढे पाठवायचं नाही, कारण पाठवणं हाच ६७ खालचा गुन्हा आहे आणि त्यात आपणच सापडू. चित्रात लहान मूल असेल तर क्षणभरही थांबायचं नाही, पोलिसांना कळवायचं. केंद्र सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात, हद्द न बघता तक्रार घ्यावी लागते, आणि इलेक्ट्रॉनिक तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. पाठवणारा ऑफिसातला असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी द्यायचं.

ती पुन्हा ठाण्यात गेली, यावेळी कलमांचे आकडे कागदावर लिहून. तक्रार घेतली गेली. पुढची अडचण पुराव्याची निघाली, आणि तिचं उत्तर चक्क जालन्याहून आलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज वेळेत भरला की उशिरा, यावरून भांडण झालं. पुरावा म्हणून व्हिडिओ होते. मूळ यंत्राऐवजी त्यातली नक्कल कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र हवंच का, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १४ जुलै २०२० ला कोर्टाने सांगितलं, नक्कल असेल तर प्रमाणपत्र हवंच, पण मालकाने मूळ यंत्रच कोर्टात हजर करून ते आपलंच असल्याचं सिद्ध केलं तर नको. आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते प्रमाणपत्र दोन भागांचं झालंय, एक आपण द्यायचा, एक तज्ज्ञाने. त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहायची, म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा, एक ठिपका बदलला तरी तो बदलतो.

म्हणजे साध्या बाईला सोपं काय, तर फोनच पोलिसांत जमा करायचा. "अहो बाई," ती म्हणाली, "त्यात माझी बँक आहे, मुलांच्या शाळेचे मेसेज आहेत, आणि माझ्या डिलिव्हरीच्या वेळचे फोटोसुद्धा आहेत. ते सगळं त्या खोलीत जाऊन पडणार?" फोन सुपूर्दनाम्यावर परत मागता येतो हे मी सांगितलं. दोन दिवस तिने विचार केला. मग सिम कार्ड काढून घेतलं, फोन दिला, आणि पंचनाम्याची प्रत हातात पडेपर्यंत बाकावरून उठली नाही.